कर्ज कुणाचे, सही कुणाची?

(कापूस-ज्वारी पट्ट्यातील जिल्हा प्रतिनिधींच्या पुणे मुक्कामात मंडईजवळ झालेल्या बैठकीतील भाषण)



कालचा दिवस कृषी आयुक्तालयाच्या दारात गेला. विम्याचे आणि कापूस खरेदीचे जे सांगायचे होते ते सांगून झाले. परतीच्या गाड्या संध्याकाळी आहेत. मधल्या वेळात मला एका वेगळ्याच विषयावर बोलायचे आहे. गावातल्या शाळेच्या खोल्या, त्या बांधायला लागणारा पैसा, आणि असल्या कामासाठी काढलेले कर्ज. कर्ज म्हटले की आपले कान टवकारतात. टवकारलेच पाहिजेत. कारण सोसायटीचे कर्ज आपण सही करून घेतो, पण न सही केलेलेही एक कर्ज आपल्या डोक्यावर असते. गावाने काढलेले, नगरपालिकेने काढलेले, सरकारने काढलेले. ते फेडायला आपण असतो. काढताना मात्र आपल्याला कुणी विचारत नाही.

हे बोलायला याच्याइतकी योग्य जागा नाही. खिडकीतून बघा. तो मधला मनोरा आणि त्याच्या भोवती पसरलेल्या आठ पाख्या दिसतात ना, ती महात्मा फुले मंडई. इंग्रजांच्या काळात १८८६ साली ही मंडई सुरू झाली, तेव्हा गव्हर्नरच्या नावावरून तिला रे मार्केट म्हणत. आता गंमत ऐका. ज्या जोतीराव फुल्यांचे नाव आज या इमारतीला आहे, त्यांनी या इमारतीच्या खर्चाला विरोध केला होता.

फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. तेव्हाचे सभासद सरकारने नेमलेले असत. मंडईच्या इमारतीवर लाखांच्या घरात रक्कम घालायची असा बेत पुढे आला, तेव्हा फुल्यांचे म्हणणे होते की हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर घाला. त्याआधी १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात यायचे होते. त्यांच्या स्वागताला नगरपालिकेने हजार रुपये खर्च करावेत असा ठराव आला. तेव्हाही फुल्यांनी हेच सांगितले. ठरावाच्या विरुद्ध मत देणारे ते एकटे होते. बाकी सारे सभासद एका बाजूला.

फुले काही बाजाराच्या विरुद्ध नव्हते. ते स्वतः भाजीपाल्याच्या, फुलांच्या धंद्यातल्या घरातले. बांधकामाची कंत्राटे घेतलेले. इमारत कशाला लागते आणि तिला काय पडते, हे त्या सभेत त्यांच्याइतके कुणाला कळत असेल? त्यांचा मुद्दा वेगळा होता. पैसा कुणाच्या खिशातून येतो आणि कुणाच्या इच्छेने जातो, हा तो मुद्दा.

रुपयामागे एक आणा

शेतसाऱ्याच्या पावतीकडे आपण फारसे बघत नाही, रक्कम लहान असते म्हणून. एकदा बघा. जमीन महसुलाच्या शेजारी जिल्हा परिषदेचा उपकर आणि ग्रामपंचायतीचा उपकर असे रकाने दिसतील. हे खूप जुने आहे. मुंबई इलाख्यात १८६० च्या दशकात लोकल फंड सुरू झाला. शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा. त्यातले दोन हिस्से रस्त्यांना, एक हिस्सा शाळांना. म्हणजे शेतकऱ्याने शाळेसाठी कर भरायला सुरुवात केली त्याला दीडशेहून जास्त वर्षे झाली.

फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. सरकारचे उत्पन्न बहुतांशी रयतेच्या घामातून येते आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो, हे त्यांनी तिथे मांडले. मुलांना बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली. पुढच्याच वर्षी लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये लोकल फंडाचा हिशेब त्यांनी पुन्हा काढला.

त्या एका आण्याविषयी एकाही शेतकऱ्याला कधी कुणी विचारले नाही. किती घ्यायचा, कुठे घालायचा, शाळा कुठल्या गावात काढायची, सारे कलेक्टर कचेरीत ठरे. भरणारा एक आणि ठरवणारा दुसरा. ही रीत तेव्हा पडली आणि अजून मोडलेली नाही.

आमच्या गावचे गाळे

आता माझ्या ओळखीच्या एका गावाची हकीकत सांगतो. नाव घेत नाही. असे गाव तुमच्यापैकी प्रत्येकाच्या तालुक्यात आहे. मी शेतकी पदवी घेऊन काही वर्षे बियाण्याच्या आणि खताच्या शिफारशी सांगत हिंडलो, तेव्हापासून त्या गावात माझे जाणे-येणे. जमीन मध्यम काळी, पाऊस लहरी, खरिपात कापूस आणि रब्बीत ज्वारी.

त्या गावच्या पंचायतीने स्टँडवर दुकानांचे गाळे बांधायला कर्ज काढले. असे कर्ज काढता येते. जिल्हा ग्राम विकास निधी नावाचा निधी जिल्हा परिषदेकडे असतो. त्यात सगळ्या पंचायती आपल्या उत्पन्नाचा थोडा हिस्सा भरतात आणि त्यातून पंचायतींना कर्ज मिळते. यात गैर काही नाही. पण गाळे बांधून झाले आणि निम्म्यांना भाडेकरूच मिळेनात. कुलपे गंजली. हप्ते चालूच. मग घरपट्टी वाढली. लोक चिडले. ग्रामसभेत एकाने विचारले, कर्ज काढायचे कधी ठरले? उत्तर आले, अमुक तारखेच्या ग्रामसभेत ठराव झाला, रजिस्टरला तुमच्याच सह्या आहेत. सह्या होत्या. त्या दिवशी रेशनकार्डाचे काहीतरी आहे म्हणून लोक आले होते. सह्या हजेरीच्या होत्या, त्या कर्जाच्या झाल्या.

त्याच गावात, त्या गाळ्यांपासून हाकेच्या अंतरावर जिल्हा परिषदेची शाळा. दोन खोल्यांचे निर्लेखन झालेले, म्हणजे त्या पाडायच्या म्हणून कागदावर मारलेल्या. नव्या खोल्यांचा प्रस्ताव जिल्ह्याला गेलेला. पावसाळ्यात चौथीचा वर्ग मारुतीच्या देवळात भरतो. खोल्या नाहीत म्हणून लोक पोरे तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवतात. पट घटतो. पट घटला की पुन्हा खोल्या कशाला म्हणून प्रस्ताव मागे पडतो. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा त्या गावातल्या बायांनी मला पहिल्यांदा विचारले, भाऊ, आमच्या शाळेचं काय ते आम्हाला कुणी विचारणार की नाही?

मंडई की शाळा, हा फुल्यांचा प्रश्न त्या गावात जसाच्या तसा उभा होता. फक्त मंडईच्या जागी गाळे होते.

विचारायची रीत असते

जगात अशी जागा आहे का, की जिथे शाळा बांधायच्या कर्जासाठी करदात्याला विचारतात? आहे. अमेरिकेत आहे. आणि मी उदाहरण घेतो ते न्यूयॉर्कचे घेत नाही, टेक्सास राज्यातल्या लबक भागाचे घेतो. का, तर तिथले शेतकरीही आपल्यासारखे कापूस आणि ज्वारी घेतात, आणि बरेच जण कोरडवाहूच घेतात. ज्यांच्याकडे पाणी आहे त्यांच्या विहिरी ओगलाला नावाच्या जमिनीखालच्या साठ्यावर, आणि तो साठा उतरत चालला आहे. त्यांना अनुदाने मिळतात, तो विषय वेगळा. आज फक्त शाळेचे बघू.

तिथे शाळांसाठी वेगळा जिल्हा असतो. आपल्या महसुली जिल्ह्यासारखा मोठा नाही. काही ठिकाणी दोन-चार गावांचा. त्याचे निवडून दिलेले मंडळ असते आणि त्या मंडळाला जमीन-घरांवर कर बसवण्याचा अधिकार असतो. कराचे दोन भाग. एक पगारपाण्याचा, रोजच्या खर्चाचा. दुसरा फक्त कर्ज फेडण्याचा. नवी इमारत बांधायची तर मंडळ कर्जरोखे काढते. कर्जरोखा म्हणजे काय? तुमची सोसायटी बँकेकडून कर्ज घेते, तसे मंडळ बाजारातून घेते. गुंतवणूकदार रोखे विकत घेतात, मंडळ वीस-पंचवीस वर्षे व्याजासह फेडते, आणि ते फेडण्यासाठी दरवर्षी कर बसतो.

पण मंडळाला नुसता ठराव करून हे कर्ज काढता येत नाही. ठराव करून मंडळ निवडणूक लावते. मे महिन्याचा पहिला शनिवार किंवा नोव्हेंबरमधला ठरलेला मंगळवार. त्या दिवशी मतपत्रिकेवर उमेदवार नसतो, प्रश्न असतो. इतक्या डॉलरचे रोखे, अमुक कामासाठी, काढावेत की नाही? बाजूने किंवा विरुद्ध. निम्म्याहून अधिक मते बाजूने पडली तर रोखे निघतात, नाहीतर नाही. टेक्सासमध्ये साधे बहुमत पुरते. कॅलिफोर्नियात पूर्वी दोन तृतीयांश मते लागत. २००० साली लोकांनीच मत देऊन ती अट ५५ टक्क्यांवर आणली, आणि त्याबरोबर खर्चावर नजर ठेवायला नागरिकांची समिती नेमायची अट घातली. वॉशिंग्टन राज्यात ६० टक्के लागतात.

आणखी दोन-तीन बारकावे आहेत, ते नीट ऐका, कारण खरी गोम तिथे आहे.

एक. २०१९ सालापासून टेक्सासमध्ये शाळेच्या रोख्यांच्या मतपत्रिकेवर ‘ही मालमत्ता कराची वाढ आहे’ अशा अर्थाचे वाक्य छापावेच लागते. गोड शब्दांत गुंडाळता येत नाही. शिवाय मुद्दल किती, व्याज किती, आधीचे कर्ज किती शिल्लक आहे, आणि एक लाख डॉलरच्या घराला वर्षाला कर किती वाढेल, याचा कागद मतदारांसाठी लावावा लागतो.

दोन. वर्गखोल्यांच्या आडून क्रीडांगण घुसवता येत नाही. त्याच वर्षीच्या कायद्याने मोठे स्टेडियम, पोहण्याचा तलाव, नाट्यगृह असल्या गोष्टींचा प्रश्न वेगळा छापावा लागतो. लोक खोल्यांना हो म्हणू शकतात आणि स्टेडियमला नाही म्हणू शकतात. आपल्या गावात शाळेच्या खोल्या आणि स्टँडवरचे गाळे असे दोन प्रश्न वेगवेगळे छापले असते तर काय निकाल लागला असता, मनातल्या मनात सांगा.

तीन. शाळेच्या पैशातून ‘हो म्हणा’ असा प्रचार करता येत नाही. माहिती देता येते, मत मागता येत नाही.

चार. मत कुणाला? जमीनदारालाच का? पूर्वी टेक्सासमध्ये अशी अट होती, की ज्याची मालमत्ता करासाठी नोंदलेली आहे त्याचेच मत धरायचे. १९७५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती अट मोडली. खटला एका शहराच्या ग्रंथालयाच्या रोख्यांचा होता. म्हणजे आज मजुरालाही मत आहे. त्याचे पोरही त्याच शाळेत जाते, आणि घरभाड्यातून तोही कर भरतच असतो.

शेतकऱ्याला कर किती पडतो? तिथे शेतजमिनीला, अर्ज केल्यावर, बाजारभावाने नव्हे तर तिच्यातून येणाऱ्या उत्पन्नावर मूल्य धरतात. समजा करपात्र मूल्य ५०,००० डॉलर आणि कर्जफेडीचा दर दर शंभराला २० सेंट. मग वर्षाला १०० डॉलर. हा हिशेब तो शेतकरी मत देण्यापूर्वी करतो आणि मग केंद्रावर जातो.

तिथेही सोने नाही

मी तुम्हाला अमेरिकेचे गोडवे गायला उभा नाही. या पद्धतीत एक मोठे भोक आहे. कर जमीन-घरांच्या किमतीवर. मग श्रीमंत वस्तीची शाळा श्रीमंत आणि गरीब वस्तीची गरीब. टेक्सासमधल्याच सान अँटोनियो शहरातल्या गरीब पालकांनी याविरुद्ध दावा केला. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयात ते पाच विरुद्ध चार अशा मतांनी हरले. पुन्हा राज्याच्या न्यायालयात लढले आणि १९८९ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती वाटणी घटनेविरुद्ध ठरवली. मतदानालाही अनेकदा थोडेच लोक येतात, आणि जे येतात ते सगळ्यांच्या वतीने ठरवतात.

म्हणून आपल्या गावाने आपली शाळा आपल्या करावर बांधावी असे मी म्हणत नाही. मुळीच म्हणत नाही. पाऊस न पडणाऱ्या गावाची शाळा पावसावर सोडायची नसते. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण ही २००९ च्या कायद्याने सरकारची जबाबदारी आहे. ती सरकारने निभावावी. घ्यायचे ते एवढेच, की ज्याच्या डोक्यावर कर्ज बसणार त्याला आधी विचारायचे, आणि विचारताना आकडा सांगायचा.

पुण्याचे दोनशे कोटी

आपल्याकडे रोखे निघत नाहीत असे समजू नका. याच पुणे महापालिकेने जून २०१७ मध्ये २०० कोटींचे कर्जरोखे काढले. चोवीस तास पाण्याच्या योजनेसाठी, दहा वर्षांचे, ७.५९ टक्के व्याजाने. म्हणजे वर्षाचे नुसते व्याज १५ कोटी १८ लाख. मुंबईच्या शेअर बाजारात घंटा वाजवून हे रोखे नोंदले गेले, कौतुक झाले. मग योजनेच्या निविदा रद्द करून पुन्हा काढाव्या लागल्या. व्याज काही थांबत नाही. ते सावकाराचे असो की बाजाराचे.

निर्णय सर्वसाधारण सभेत झाला, नगरसेवकांच्या हातांनी. कायद्याप्रमाणेच झाला. पण या मंडईत गाळ्यावर बसणाऱ्या भाजीवालीला, तिच्या घरच्या मिळकतकरातून आणि पाणीपट्टीतून ज्याची फेड व्हायची, त्या कर्जाबद्दल मत द्यायला कुणी बोलावले नाही. नगरसेवक तरी निवडलेले होते. २०२२ साली मुदती संपल्यावर राज्यातल्या बहुतेक महापालिका आणि जिल्हा परिषदा काही वर्षे प्रशासकाच्या हाती होत्या. त्या काळात जो खर्च ठरला तो कुणाच्या मताने? फुल्यांच्या काळातल्या नेमलेल्या सभासदांची आठवण होते.

आडवी बाटली आपलीच

काही शहाणे म्हणतात, असल्या प्रश्नांवर मत द्यायला आपली जनता तयार नाही. अहो, आपली जनता असे मत देऊन मोकळी झाली आहे. गावातले दारूचे दुकान बंद करायचे की नाही, यावर महाराष्ट्रात गुप्त मतदान होते. २००८ च्या आदेशाप्रमाणे २५ टक्के महिलांनी किंवा मतदारांनी मागणी केली की मतदान घेतात. मतपत्रिकेवर दोन चित्रे. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला लागतात. नवऱ्याचा धाक, गुत्तेदाराचा पैसा, सगळे झुगारून बायांनी किती गावांत बाटली आडवी केली! ज्या बाईला उभी-आडवी बाटली कळते, तिला ‘खोली हवी की गाळा’ कळणार नाही?

ग्रामसभेत काय करायचे

कर्जावर मतदान घ्यायचा कायदा आज आपल्याकडे नाही. तो व्हावा ही मागणी आपण लावून धरू. पण तोवर हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही. ग्रामसभा आहे. विकासकामांना तिची मंजुरी लागते. पंचायतीला कर बसवण्याआधी ठराव करून नोटीस प्रसिद्ध करावी लागते, हरकती मागवाव्या लागतात. शाळा व्यवस्थापन समिती आहे. तीत तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात, आणि शाळेचा विकास आराखडा तिनेच करायचा असतो. ही अवजारे गंजत पडली आहेत, तेवढी घासून घ्यायची.

पुढच्या ग्रामसभेत पाच प्रश्न लेखी द्या आणि उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या. पंचायतीवर आज कर्ज किती आहे? ते कशासाठी काढले? मुद्दल आणि व्याज मिळून किती फेडायचे, किती वर्षे? माझ्या घरपट्टीत त्यापोटी वर्षाला किती वाढ? आणि तोच पैसा शाळेवर घातला असता तर किती खोल्या झाल्या असत्या?

चौथ्या प्रश्नाचे गणित अवघड नाही. समजा वीस लाखांचे कर्ज, आठ टक्क्यांनी, दहा वर्षे. दरवर्षी सारखा हप्ता धरला तर साधारण २ लाख ९८ हजार. गावात चारशे घरे असतील तर घरटी ७४५ रुपये वर्षाला. दहा वर्षांत घेतले वीस, दिले जवळपास तीस लाख. हा आकडा चावडीच्या फळ्यावर खडूने लिहा. ठरावापेक्षा त्या फळ्याची जरब जास्त बसेल.

आणि एक ठराव मांडा. यापुढे पंचायत कर्ज काढेल तर त्याचा विषय आठ दिवस आधी आकड्यांसह दवंडी देऊन सांगितला जाईल, प्रत्येक कामाचा विषय वेगळा असेल, हजेरीची सही वेगळी आणि ठरावाचे मत वेगळे घेतले जाईल.

काही जण विचारतील, लोकांना विचारले तर लोक प्रत्येक खर्चाला नाहीच म्हणतील, मग गाव पुढे कसे जाणार? मला तसे वाटत नाही. बोंडअळीच्या सालात, हाती काही नसताना, लेकीची बारावीची फी भरलेली माणसे या खोलीत बसली आहेत. शेतकरी शाळेला नाही म्हणत नाही. तो न विचारता कापलेल्या पैशाला नाही म्हणतो. फुलेही तेवढेच म्हणाले होते.

संध्याकाळी गाडीत बसण्याआधी मंडईला एक फेरी मारून या. आपल्या मालाला इथे काय भाव लागतो ते बघायचे तर आहेच. पण जाताना नावाच्या पाटीकडेही बघा. ज्या माणसाने विचारले ‘हा पैसा शाळेला का नाही?’, त्याचे नाव त्याच इमारतीला द्यावे लागले. उत्तर मात्र अजून द्यायचे राहिले आहे. ते आपापल्या गावच्या ग्रामसभेत मागू या.